एचए पेअरमध्ये रात्रीचं काम दोनदा होतं किंवा होतच नाही: टास्क फक्त ॲक्टिव्ह डिव्हाइसवर चालण्यासाठी काय तपासावं

एचए पेअर म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून जोडीने लावलेले दोन डिव्हाइस: काम करतो तो ॲक्टिव्ह, तयारीत थांबतो तो स्टँडबाय. अशा जोडीवर शेड्यूल लावून ठेवलेली कामं महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतात. मग एका सकाळी रिपोर्टचा मेल दोनदा आलेला असतो. कुणीतरी स्क्रिप्टमध्ये एक अट वाढवतं, मेल पुन्हा एकदाच यायला लागतो, टिकेट बंद होतं. पंधरवड्याने तेच काम अजिबात झालेलं नसतं. लॉग उघडावा तर दोन्ही डिव्हाइसवर सगळं हिरवंगार, आणि ॲक्टिव्ह कोण म्हणाल तर नेहमीचाच, पहिला.

गोव्यात हे टिकेट पावसाळ्यात हमखास पुन्हा उघडतं. लाइनवर झाड पडतं, वीज जाते, जनरेटर सुरू होईपर्यंतच्या फटीत यूपीएसची जुनी बॅटरी मान टाकते आणि फेलओव्हर होतो, म्हणजे ॲक्टिव्ह बंद पडून दुसरा ताबा घेतो. उन्हाळाभर पहिलाच डिव्हाइस ॲक्टिव्ह असल्यामुळे ‘ॲक्टिव्हवरच चालव’ ही अट तोवर कधी खऱ्या अर्थाने तपासलीच गेलेली नसते.

खालचं सगळं बार्देसमधल्या एका हॉटेलच्या सेटअपवरून लिहितोय. इंटरनेटच्या तोंडाशी दोन फायरवॉल. आत बिलिंग चालवणारे दोन लिनक्स सर्व्हर, त्यांच्यात एक व्हर्च्युअल आयपी, म्हणजे ॲक्टिव्ह असेल त्याच्याकडे जाणारा पत्ता; तो फिरवतो कीपअलाइव्ह-डी हा प्रोग्राम. डेटाबेस तिसऱ्या मशीनवर, पोस्टग्रेस. फायरवॉलची कामं ॲन्सिबल हे ऑटोमेशनचं टूल बाहेरून करतं, सर्व्हरची कामं सर्व्हरवरच सिस्टम-डीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) टायमरने होतात.

आधी लक्षण पक्कं करा

‘ऑटोमेशन बिघडलंय’ एवढ्या तक्रारीवर हात घालू नका. काम दोनदा झालं, काम झालं पण स्टँडबायवर झालं, काम कुठेच झालं नाही: हे तीन वेगळे प्रकार आहेत.

दोनदा झालेलं लगेच कळतं, कारण कुणीतरी ओरडतं. स्टँडबायवर झालेलं काम फसवं असतं. टास्क यशस्वी, बदलही दिसतो, पण पुढचा सिंक (दोघांचं कॉन्फिग जुळवणं) झाला की पुसला जातो. सिस्को एएसए या फायरवॉलवर कॉन्फिग ॲक्टिव्हकडून स्टँडबायकडे एकाच दिशेने जातं, आणि स्टँडबायवर कॉन्फिग बदलायला गेलात तर तो तशी ताकीद स्क्रीनवर देतो. माणूस ती वाचतो, स्क्रिप्ट वाचत नाही. एफ-फाइव्हच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरवर दोन्ही बाजूंनी बदल करता येतात, मग ‘चेंजेस पेंडिंग’ लटकत राहतं आणि कुणीतरी उलट्या बाजूने सिंक मारला की चांगला बदल जातो. कुठेच न झालेलं काम मात्र सगळ्यांत वाईट. त्याचा मेल येत नाही, आणि न आलेल्या मेलची तक्रार कुणी करत नाही.

प्रकार ठरला की दोन्ही डिव्हाइसच्या लॉगमधून तीन वेळा काढा आणि शेजारी शेजारी मांडा: काम सुरू झाल्याची, फेलओव्हरची आणि डिव्हाइस बूट झाल्याची. सकाळी जाऊन ‘आत्ता ॲक्टिव्ह कोण’ बघण्यात अर्थ नाही. कीपअलाइव्ह-डीत जास्त प्रायॉरिटीचा नोड (जोडीतला सर्व्हर) परत आला की तो ॲक्टिव्हपण परत घेतो. तुम्ही मुद्दाम ‘नो-प्रीएम्प्ट’ लावलं नसेल तर हेच होणार. रात्री दोन वाजता कोण होता याचा पुरावा उजाडेपर्यंत गेलेला असतो. फायरवॉलचं बहुधा उलट. पालो आल्टोमध्ये प्रीएम्प्शन, म्हणजे ॲक्टिव्हपण असं परत घेणं, मुळात बंद असतं, एएसएच्या ॲक्टिव्ह-स्टँडबाय जोडीत परत आलेला डिव्हाइस आपणहून ॲक्टिव्ह होत नाही, आणि फोर्टिगेटमध्ये ‘ओव्हरराइड’ बंद असेल तर प्रायॉरिटीच्या आधी एचए अपटाइम बघितला जातो. त्यामुळे एकाच रॅकमध्ये वीज आल्यावर सर्व्हरची जोडी सुलटी होते आणि फायरवॉलची जोडी उलटीच राहते. मग सर्व्हरची तक्रार एका रात्रीची आणि फायरवॉलची आठवडाभराची, असं चित्र दिसतं आणि दोन वेगळे रोग असावेत असं वाटतं.

प्रायमरी आणि ॲक्टिव्ह एक नव्हेत

ॲन्सिबलच्या इन्व्हेंटरीत (डिव्हाइसच्या यादीत) पहिल्या फायरवॉलपुढे ‘प्रायमरी’ लिहिलेलं असतं आणि प्लेबुक (करायच्या कामांची फाइल) त्यावरच चालतं. एएसएमध्ये प्रायमरी-सेकंडरी ही कॉन्फिगमध्ये कोरलेली कायमची ओळख आहे. फेलओव्हरनंतर सेकंडरी ॲक्टिव्ह होतो, पण राहतो सेकंडरीच. फोर्टिगेटमध्ये मात्र प्रायमरी म्हणजे या घडीला काम करतोय तो. एका टीमने दोन्ही सांभाळायचे असले की बोलण्यात गोंधळ होणारच. इन्व्हेंटरीत डिव्हाइसचं नाव, पत्ता, सिरियल नंबर लिहा. भूमिका लिहू नका, ती दर वेळी विचारायची गोष्ट आहे.

बिग-आयपीवर आणखी एक मेख. तिथे ॲक्टिव्ह-स्टँडबाय ठरतं ते ट्रॅफिक ग्रुपनुसार, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या पत्त्यांच्या गटानुसार. दोन ग्रुप केले आणि एकेक दोन्हीकडे वाटला, तर दोन्ही डिव्हाइस आपापल्या ग्रुपपुरते ॲक्टिव्ह असतात आणि दोघांचंही उत्तर खरं असतं. तिथे प्रश्न ‘तू ॲक्टिव्ह आहेस का’ असा न विचारता ‘या ग्रुपसाठी ॲक्टिव्ह आहेस का’ असा विचारायचा.

उत्तर नीट वाचा

स्क्रिप्टमध्ये बहुतेकदा ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द शोधलेला असतो. इथेच निम्मे लोक फसतात.

एएसएवर ‘शो फेलओव्हर’ मारा. एका ओळीत ‘धिस होस्ट’ म्हणून स्वतःची अवस्था येते, खाली ‘अदर होस्ट’ म्हणून जोडीदाराची. दोघांपैकी एक ॲक्टिव्ह असतोच, म्हणजे हा शब्द दोन्ही डिव्हाइसच्या आउटपुटमध्ये सापडणारच. पालो आल्टोवर ‘शो हाय-अव्हेलेबिलिटी स्टेट’मध्ये तर मोडच्या ओळीत ‘ॲक्टिव्ह-पॅसिव्ह’ लिहिलेलं असतं, त्यामुळे पॅसिव्ह डिव्हाइसही या परीक्षेत पास होतो. फोर्टिगेटवर ‘गेट सिस्टम एचए स्टेटस’ दोघांचीही यादी देतो. बिग-आयपीच्या रेस्ट एपीआयमधून डिव्हाइसची यादी मागवली तर दोन्ही डिव्हाइस येतात, त्यातला ‘सेल्फ-डिव्हाइस’ खरा असलेला वेचून मगच त्याची फेलओव्हर स्टेट वाचायची.

म्हणून पूर्ण आउटपुटवर ग्रेप नको. पालो आल्टोच्या एक्सएमएल एपीआयमध्ये ‘लोकल-इन्फो’च्या आत ‘स्टेट’ असतं, तेवढंच वाचा. एएसएवर ‘धिस होस्ट’ची ओळ पकडा. आणि तुलना ‘ॲक्टिव्ह आहे’ अशीच करा, ‘पॅसिव्ह नाही’ अशी नको. या दोनांखेरीज सस्पेंडेड, नॉन-फंक्शनल, इनिशियल अशाही अवस्था असतात. बूट होत असलेला डिव्हाइस पॅसिव्ह नसतो म्हणून ॲक्टिव्ह ठरत नाही. उत्तरच आलं नाही, टाइमआउट झाला, पार्सिंग फसलं, तर काम करायचं नाही आणि एरर देऊन थांबायचं. गप्प राहून ‘स्किप’ करणं वेगळं. त्याच्यामुळेच ‘काम कुठेच झालं नाही’ हा प्रकार जन्माला येतो.

ॲन्सिबलमधला रन-वन्स

या जोडीसाठी सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते हेच: दोन्ही फायरवॉलवर प्ले (प्लेबुकमधला एक भाग) चालवायचा, टास्कला ‘रन-वन्स’ (एकदाच चालव) लावायचं आणि ‘व्हेन’मध्ये स्टेट ॲक्टिव्ह असल्याची अट घालायची. वाचायला अगदी बरोबर वाटतं.

पण रन-वन्स टास्क चालवतं ते बॅचमधल्या पहिल्या होस्टवर, आणि ‘व्हेन’ची अटही त्या पहिल्या होस्टचे व्हेरिएबल घेऊनच तपासली जाते. दुसऱ्याला कुणी विचारत नाही. पहिला ॲक्टिव्ह असेपर्यंत सगळं चोख. फेलओव्हर झाला की पहिल्यावर अट खोटी ठरते, टास्क स्किप होतो, आणि तो सगळ्यांसाठीच स्किप होतो. शेवटी रीकॅपमध्ये फेल शून्य, एक्झिट कोडही शून्य, म्हणजे यशस्वी. शेड्यूलरच्या पडद्यावर हिरवी खूण. आमच्याकडे वाय-फाय व्हाउचरची साफसफाई अशीच थांबली होती. ऑफ सीझनला निम्म्या खोल्या रिकाम्या, त्यामुळे कुणाला कळलंही नाही. ऑक्टोबरात चार्टर विमानं सुरू झाली, हॉटेल भरायला लागलं, आणि जुन्या व्हाउचरवर लॉबीत फुकट इंटरनेट चालतंय हे तेव्हा दिसलं.

रन-वन्स काढून टाका. दोन प्ले करा. पहिल्यात दोन्ही फायरवॉलना त्यांची स्टेट विचारा आणि ‘ग्रुप-बाय’ने ॲक्टिव्ह निघेल त्याला नवीन ग्रुपमध्ये टाका. दुसरा प्ले त्या ग्रुपवर. मात्र या दोघांच्या मध्ये एक छोटा प्ले लोकलहोस्टवर (ॲन्सिबलच्या स्वतःच्या मशीनवर) हवा, आणि तो अनेक जण गाळतात: ग्रुपमध्ये बरोबर एकच होस्ट आहे अशी ‘असर्ट’ (नसेल तर थांबवणारी तपासणी). तो नसेल आणि ग्रुप रिकामा निघाला, तर ॲन्सिबल ‘नो होस्ट्स मॅच्ड’ म्हणतं आणि आनंदाने शून्य कोड देऊन बाहेर पडतं. शून्य निघाले तर थांबा, दोन निघाले तरी थांबा, आणि दोन्ही वेळा प्लेबुक लाल होऊ द्या.

फॅक्ट कॅशिंग (होस्टची माहिती साठवून पुन्हा वापरणं) चालू असेल तर तेही बघा. स्टेट ‘सेट-फॅक्ट’ने ‘कॅशेबल’ करून ठेवली असेल तर ती कॅशमध्ये जाऊन बसते, आणि कॅशची मूळ मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास. काल संध्याकाळी ॲक्टिव्ह असलेल्याला आज पहाटे ॲक्टिव्ह धरून काम होईल. भूमिकेची माहिती कॅश करू नये, बस्स.

‘एवढं कशाला, फिरत्या आयपीलाच कनेक्ट करा ना’ असं कुणी म्हणेल. एएसएवर ते बरोबर आहे, ॲक्टिव्हचा पत्ता ॲक्टिव्हबरोबर फिरतो. फोर्टिगेटवर क्लस्टरच्या पत्त्यावर गेलात तर प्रायमरीच भेटतो. पालो आल्टोचे मॅनेजमेंट पत्ते मात्र दोघांचे वेगळे असतात आणि फिरत नाहीत. लिनक्सवर फिरत्या आयपीला एसएसएच केलं तर फेलओव्हरनंतर होस्ट की (सर्व्हरची ओळख) बदललेली दिसते आणि कनेक्शन नाकारलं जातं. मग कुणीतरी होस्ट की तपासणीच बंद करून टाकतं. रात्री दोन वाजता रूट म्हणून लॉगिन होणाऱ्या स्क्रिप्टला समोर कोण आहे हे न बघता आत जाऊ देणं मला पटत नाही. फिरता आयपी वापरायचाच असेल तर दोन्ही नोडना एकाच सीएची (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या अथॉरिटीची) होस्ट सर्टिफिकेट द्या.

लिनक्सच्या जोडीवर ‘मी ॲक्टिव्ह आहे का’

इथे स्क्रिप्ट सर्व्हरवरच चालते, म्हणून तिला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. दोन पद्धती रूढ आहेत: व्हर्च्युअल आयपी आपल्याकडे आहे का ते बघणं, किंवा कीपअलाइव्ह-डीच्या ‘नोटिफाय’ स्क्रिप्टने एक फ्लॅग फाइल ठेवणं-काढणं.

आयपी बघताना पुन्हा ग्रेपच आडवा येतो. १०.२०.०.५ शोधलं की १०.२०.०.५०सुद्धा सापडतो, आणि स्टँडबायचा स्वतःचा पत्ता ५० असेल तर तो कायमचा ॲक्टिव्ह. ‘आयपी ॲड्रेस शो’ला ‘टू’ देऊन पुढे तो पत्ता स्लॅश ३२ लावून विचारा, नेमकं उत्तर येतं.

फ्लॅग फाइल असेल तर ती स्लॅश रनखाली ठेवा, स्लॅश व्हारखाली नको. स्लॅश रन मेमरीत असतं, रीबूटला पुसलं जातं. व्हारखाली ठेवलेली फाइल वीज गेल्यावरही तशीच राहते, आणि परत आलेल्या नोडवर कीपअलाइव्ह-डी काही कारणाने सुरूच झाला नाही तर ती काढायला कुणी उरत नाही. दुसरं, नोटिफाय स्क्रिप्ट कोणत्या युजरने चालते ते बघा. सर्व्हरवर ‘कीपअलाइव्हडी-स्क्रिप्ट’ नावाचा युजर असेल तर ती त्याच्या नावाने चालते, नसेल तर रूटने. नवा युजर तयार झाला आणि त्याला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसली, की फाइल कधी तयारच होत नाही आणि काम दोन्हीकडे बंद. ओएस अपग्रेडनंतर ‘अचानक’ बिघडलेल्या जोडीत हे आधी तपासा.

दोन्ही पद्धतींना चकवणारी एक अवस्था आहे. कीपअलाइव्ह-डीची प्रोसेस जबरदस्तीने मारली गेली, तर व्हर्च्युअल आयपी इंटरफेसवर तसाच राहतो, फ्लॅगही राहतो, आणि तिकडे दुसऱ्याने तोच आयपी घेतलेला असतो. म्हणून तपासणीत प्रोसेस जिवंत आहे का हेही विचारा. हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून प्रत्येक सर्व्हिसला ‘एक्झेक-कंडिशन’ (सुरू होण्याआधीची अट) म्हणून लावलं की पुरे. सिस्टम-डी २४३ पासून ती सोय आहे.

इथे एक सांगणं गरजेचं वाटतं. ही अट सरसकट सगळ्या कामांना लावू नका. लॉग रोटेशन, डिस्कची साफसफाई, घड्याळ जुळवणं, सर्टिफिकेट बसवणं, स्वतःच्या कॉन्फिगचा बॅकअप ही कामं दोन्ही नोडवर व्हायलाच हवीत. उत्साहाच्या भरात लॉग रोटेशनलाही ‘फक्त ॲक्टिव्ह’ लावलं की स्टँडबायची डिस्क गुपचूप भरत जाते, आणि ज्या रात्री त्याच्यावर भार येतो त्याच रात्री तो कोसळतो.

रूम टॅरिफ दोनदा: सगळं बरोबर असूनही

आता ज्याच्यामुळे हे टिकेट खरं तर पुन्हापुन्हा उघडत होतं ते. हॉटेलात रात्री दोनला एक काम चालतं: मुक्कामी असलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या फोलिओवर (बिलाच्या खात्यावर) त्या दिवसाचं रूम टॅरिफ आणि कर पोस्ट करणं. ॲक्टिव्हची तपासणी बसवलेली, आयपीचा ग्रेप दुरुस्त केलेला, तरी एका सकाळी नाईट ऑडिटरचा फोन: ‘सर, चेकआउटचं बिल काढलं तर एकाच तारखेचं भाडं दोन ओळींत येतंय. पाहुणे काउंटरवर उभे आहेत, काय सांगू?’ तोवर अशी तक्रार कधी येई, कधी न येई. वीज गेल्याच्या प्रत्येक रात्री येत असती तर सोपं झालं असतं.

तिन्ही वेळा शेजारी मांडल्यावर क्रम दिसला. दीडच्या सुमारास पहिला सर्व्हर विजेअभावी बंद. कीपअलाइव्ह-डी वापरतो त्या व्हीआरआरपी प्रोटोकॉलच्या नियमाने दुसऱ्याने ताबा घेतला. दोन वाजता दुसऱ्यावर टायमर वाजला, त्याने ‘मी ॲक्टिव्ह आहे का’ विचारलं, उत्तर हो, पोस्टिंग झालं. पावणेतीनला पहिला परत उठला, प्रायॉरिटी जास्त म्हणून आयपी परत घेतला. त्याच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू. म्हणजे मशीन बंद असताना चुकलेली वेळ बूट झाल्यावर भरून काढायची. त्याने बघितलं, दोनचं काम चुकलंय. विचारलं, मी ॲक्टिव्ह आहे का? हो. पोस्टिंग झालं. दुसऱ्यांदा.

‘शेवटचं कधी चाललं’ याची नोंद सिस्टम-डी स्वतःच्याच डिस्कवर, व्हार-लिब-सिस्टमडी-टायमर्सच्या स्टॅम्प फाइलमध्ये ठेवतं. शेजाऱ्याने काम उरकलं हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि कधी होई, कधी न होई, त्याचं कारण बूटच्या क्रमात होतं. भरपाईचा टायमर आयपी येण्याआधी वाजला तर अट खोटी, काम स्किप, सगळं ठीक. आयपी आधी आला तर दुहेरी पोस्टिंग. सेकंदांचा खेळ.

देवळात आज पाळी कोणाची हे विचारून आरती झाली की नाही ते कळत नाही. ॲक्टिव्हची तपासणीही तेवढंच सांगते: पाळी तुझी. काम झालंय की नाही ही नोंद दोन्ही नोडच्या बाहेर, दोघांना दिसेल अशा एका जागी हवी.

‘पर्सिस्टंट’ बंद करणं हा अर्धा उपाय आहे. मग दोन्ही सर्व्हर दोनच्या ठोक्याला बंद असले तर काम त्या दिवशी राहतंच. शिवाय घड्याळांत तफावत असली की तोच प्रकार दुसऱ्या वाटेने येतो: दुसरा तीन मिनिटं मागे असेल, पहिल्याने दोनला काम केलं, दोन वाजून एक मिनिटाने फेलओव्हर झाला, की दुसऱ्याचे दोन अजून वाजायचेच असतात. आणि उलट बाजूही आहे. व्हीआरआरपीत ॲक्टिव्हची ‘मी आहे’ ही जाहिरात दर सेकंदाला, प्रायॉरिटी १०० असलेला बॅकअप सुमारे ३.६ सेकंद वाट बघून ताबा घेतो. त्या साडेतीन सेकंदांत दोन वाजले तर आयपी कुणाकडेच नाही आणि दोघेही काम सोडून देतात.

म्हणून डेटाबेसमध्ये एक छोटा टेबल केला: कामाचं नाव, बिझनेस डेट, कोणत्या नोडने केलं, कधी केलं. पहिले दोन कॉलम मिळून प्रायमरी की, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घालता येत नाही. स्क्रिप्ट ट्रान्झॅक्शन उघडते, आधी या टेबलात ओळ घालते ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (ओळ आधीच असेल तर काही करू नकोस) लावून, ओळ खरंच गेली तरच पोस्टिंग करते, आणि दोन्ही एकाच कमिटमध्ये. मध्येच वीज गेली तर ओळही जाते आणि अर्धवट पोस्टिंगही जातं. दोन्ही नोड एकाच वेळी आले तर दुसरा पहिल्याच्या कमिटसाठी थांबतो आणि मग रिकाम्या हाताने परत जातो. आता टायमर दोनपासून चारपर्यंत दर दहा मिनिटांनी वाजू दिला तरी बिघडत नाही, उलट तसाच ठेवावा. साडेतीन सेकंदांची फट आपोआप बुजते.

तारीख बिझनेस डेटच घ्या, कॅलेंडरची नको. रात्री दोनला पोस्ट होतं ते आदल्या दिवसाचं भाडं, आणि हॉटेलचा दिवस ऑडिट संपल्यावरच पुढे सरकतो.

एक गोष्ट मात्र आधीच सेट करून ठेवा. ट्रान्झॅक्शन उघडं असताना नोडची वीज गेली, तर डेटाबेसला ‘मी गेलो’ असं सांगायला कुणी उरत नाही. पोस्टग्रेसच्या बाजूला ते सेशन उघडंच दिसतं, ओळीवरचा लॉक धरून, आणि दुसरा नोड वाट बघत बसतो. लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्हची (समोरचा अजून आहे का ही विचारणा) मूळ मुदत ७,२०० सेकंद आहे, म्हणजे पहिली टकटक दोन तासांनी. पोस्टग्रेसमध्येच ती एखाद्या मिनिटावर आणा, आणि ट्रान्झॅक्शनमध्ये रिकामं बसलेलं सेशन तोडायची मुदतही लावा.

दोघेही स्वतःला ॲक्टिव्ह म्हणत असतील

व्हीआरआरपीची पाकिटं २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर, प्रोटोकॉल नंबर ११२ ने जातात. टीसीपी नाही, यूडीपीही नाही. सर्व्हरवरच्या फायरवॉलचे नियम कुणी नव्याने लिहिले आणि ११२ ला वाट ठेवली नाही, की दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही आणि दोघेही मास्टर, म्हणजे ॲक्टिव्ह, होतात. टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारी कमांड) लावून बघा. दोन वेगळ्या पत्त्यांवरून जाहिराती येत असतील तर निदान झालं. अशा वेळी ‘मी ॲक्टिव्ह आहे का’ला दोन्हीकडे हो येणार आणि त्या तपासणीचा काही उपयोग नाही. वरचा टेबल पोस्टिंग वाचवतो. रिपोर्टचा मेल दोनदा जाईल, जाऊ दे. पैशाला हात लावणारं प्रत्येक काम मात्र त्या टेबलातून गेलंच पाहिजे.

पाऊस संपायच्या आत तपासून घ्या

चवथीच्या सुट्टीत सगळे गावी जायच्या आधी, आणि डिसेंबरची गर्दी तर फार लांब असताना, दिवसाढवळ्या मुद्दाम फेलओव्हर करा. एएसएच्या ॲक्टिव्हवर ‘नो फेलओव्हर ॲक्टिव्ह’, बिग-आयपीवर टीएमएसएच या त्याच्या कमांड लाइनमधून ‘रन सिस फेलओव्हर स्टँडबाय’, पालो आल्टोवर एचए स्टेट ‘सस्पेंड’. शेवटच्याला नंतर ‘फंक्शनल’ करायचं विसरू नका. सस्पेंड झालेला डिव्हाइस तसाच पडून राहतो आणि तुमची जोडी एकट्यावर चालते. लिनक्सला मात्र सर्व्हिस थांबवून बघणं पुरेसं नाही, कारण नीट थांबलेली सर्व्हिस आयपी सोडून जाते. प्लग काढा. प्लग काढून कामाची वेळ जाऊ द्या, मग परत लावा. पर्सिस्टंटचा घोळ त्याशिवाय दिसत नाही.

अलर्ट ‘काम फेल झालं’ यावर ठेवून भागत नाही, कारण स्किप झालेलं काम फेल होत नसतं. नोंदींच्या त्या टेबलावरच अलर्ट लावा: पहाटे साडेचारपर्यंत त्या रात्रीच्या बिझनेस डेटची, म्हणजे आदल्या दिवसाची, ओळ नसेल तर फोन वाजला पाहिजे. आणि नाईट ऑडिटरच्या स्क्रीनवर हाताने पोस्टिंग करायचं बटण असेल तर तेही याच स्क्रिप्टला जोडून घ्या. नाहीतर फोन वाजेपर्यंत कुणी धीर धरत नाही, बटण दाबलं जातं, दहा मिनिटांनी टायमर वाजतो, आणि सकाळी काउंटरवर पुन्हा दोन ओळी.